थंडी मागते एक सेंटिमीटर

छत्रपती संभाजीनगरच्या थंडीला बाहेरगावच्या माणसाने हसू नये. चिकलठाण्याच्या वेधशाळेत पारा दहा अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात अख्खं शहर गारठतं. सकाळी फिरायला जाणारे निम्म्यावर येतात. एरवी बेचाळीस अंशांच्या उन्हात जालना रोडवर उघड्या डोक्याने हिंडणारा गडी कानटोपी, मफलर आणि वर जर्किन चढवून कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायला निघतो. काश्मिरी माणूस या हवेत कदाचित स्वेटर काढून ठेवील. पण इथला देह उन्हाळ्याच्या मापाने बेतलेला. त्याला दहा अंश म्हणजे हिमालयच.

अशाच एका सकाळी, सिडकोच्या एखाद्या एन-सेक्टरात, गच्चीवरच्या दोन काळ्या टाक्यांमध्ये एक गृहस्थ आकाशाकडे टक लावून उभे दिसतात. दातांत पक्कड, खांद्यावर वायरचं भेंडोळं, आणि हात आळीपाळीने काखेत. शेजाऱ्यांना वाटतं, सूर्यनमस्कारांची तयारी चालली आहे. तसं काही नसतं. रेडिओची तार तुटलेली असते.

रेडिओला तार कशाला, असं आजचा मुलगा विचारील, आणि त्याचं चुकत नाही. त्याचा रेडिओ मोटारीच्या डॅशबोर्डात राहतो. गच्चीवरचे गृहस्थ मात्र हौशी रेडिओवाले, म्हणजे जगभर ज्यांना ‘हॅम’ म्हणतात त्या जमातीतले. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन त्यांनी परवाना मिळवलेला असतो आणि सोबत ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारं एक सांकेतिक नाव. हे नाव ते आईवडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा जास्त मायेने उच्चारतात. बेडरूममधला सेट लाखभराचा. पण त्याचा आवाज जगात पोचतो तो गच्चीवरच्या तांब्याच्या तारेतून, आणि ती तार कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घरफिटिंगच्या वायरीबरोबर आणलेली असते. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायचं तर निम्म्या तरंगलांबीची, साधारण वीस मीटर तार लागते. दहा मीटर डावीकडे, दहा उजवीकडे, मधोमध प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा, आणि तिथून खाली लोंबणारी काळी केबल. एक टोक टाकीच्या लोखंडी स्टँडला, दुसरं शेजाऱ्यांच्या कडुनिंबाला. शेजाऱ्यांची परवानगी तोंडी असते आणि दर भांडणात ती रद्द होते.

एकेकाळी अशी तार घरोघर होती. निजामाच्या राजवटीत हैदराबादेप्रमाणे या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतही, एक छोटं रेडिओ केंद्र होतं. १ एप्रिल १९५० रोजी ते आकाशवाणीकडे आलं आणि थोड्याच वर्षांत बंद पडलं. मग शहराने कान लांब केले. त्यात १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर शास्त्रीय संगीताचे इतके कैवारी की आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. म्हणजे गाणं ऐकायचं तर दीड हजार किलोमीटरवरच्या कोलंबोहून, शॉर्टवेव्हवरून. नुसत्या सेटच्या भरवशावर ते धड येत नसे. म्हणून कौलांवर दोन बांबू उभे राहिले, बांबूंना चिनी मातीची अंडी, म्हणजे इन्सुलेटर, बांधली गेली आणि अंड्यांमधून तार ओढली गेली. ज्याला गच्ची नाही त्याने जाळीची चपटी पट्टी दिवाणखान्यात, गणपतीच्या फोटोच्या वरून नेली. जमिनीत खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून ‘अर्थ’ची तार पुरली गेली, आणि अंगणातल्या तुळशीबरोबर तिलाही रोज तांब्याभर पाणी मिळू लागलं. वर पोस्टातून रेडिओचा परवाना काढायचा आणि दरसाल पैसे भरायचे. मराठी मंत्र्याने शास्त्रीय संगीताचा प्रसार किती केला याचा हिशेब संगीतवाल्यांनी करावा. तांब्याच्या तारेचा खप केसकरांनी नक्कीच वाढवला.

दूरदर्शन आल्यावर बांबूंच्या जागी अॅल्युमिनियमच्या काड्या आल्या आणि शहरातल्या यच्चयावत अँटेना म्हैसमाळच्या टॉवरकडे तोंड करून उभ्या राहिल्या. साधन बदललं, पण दुरुस्तीची भाषा तीच राहिली. ती फक्त तीन शब्दांची आहे: ‘आलं’, ‘गेलं’ आणि ‘थांब’.

या भाषेला दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली. वरचा ओरडतो, “आलं का?” खालचा म्हणतो, “आलं!” वरचा हात सोडतो. खालचा म्हणतो, “गेलं!” वास्तविक वरच्याने हात सोडला म्हणून ते गेलेलं असतं, कारण इतका वेळ तुटक्या तारेचा सांधा त्याचा हात मिटवून धरत होता. पण हे कोणी कोणाला सांगत नाही. या दोन मजल्यांमधल्या संवादात घरातली जुनी भांडणंही उरकून घेतली जातात. “थांब म्हटलं ना!” यातला ‘थांब’ तारेला असतो की लग्नाला, हे जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही.

संभाजीनगरात या भाषेची आणखी एक अडचण आहे. जायकवाडीचं पाणी या शहराला रोज मिळत नाही. ते काही दिवसांच्या अंतराने नळाला येतं आणि कधी येईल याकडे अख्ख्या गल्लीचे कान लागलेले असतात. अशा गल्लीत सकाळी सात वाजता गच्चीवरून कोणी “आलं का?” असं ओरडलं आणि खालून खणखणीत “आलं!” असं उत्तर गेलं, की पुढच्या अर्ध्या मिनिटात चार घरांच्या मोटारी सुरू होतात. बादल्या सरकतात, ड्रमची झाकणं निघतात, कोणाची तरी आंघोळ अर्धवट राहते. मोटारींच्या खरखरीने सेटवर आलेलं स्टेशन बुडतं आणि खालून प्रामाणिकपणे आरोळी येते, “गेलं!” मग मोटारी बंद होतात. गल्लीत नळाच्या नावाने बोटं मोडली जातात, आणि वरचे गृहस्थ काहीच न कळल्यासारखं करून टाकीमागे वाकून बसतात.

हे सगळं हिवाळ्यातच का, याला कारणं आहेत, आणि ती माणसाच्या बाजूची कमी आणि निसर्गाच्या बाजूची जास्त आहेत.

पहिलं असं की तार बाराही महिने बिघडलेली असू शकते, पण ते कळतं हिवाळ्यात. पावसाळ्यात विजांच्या कडकडाटाने शॉर्टवेव्हवर इतकी खरखर असते की चांगली तार आणि तुटकी तार यांत फरक लागत नाही. थंडीत ढग गेलेले, रात्र लांब, हवा शांत. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर दूरचे देश सगळ्यात छान येतात ते सूर्योदयाच्या आगेमागे. म्हणजे पारा जेव्हा तळाला तेव्हाच रेडिओ ऐन भरात. पांघरूण सोडून माणूस सेटसमोर बसतो, बटण फिरवतो आणि आतून नुसतं ‘सूं’ येतं. पावसाळ्यात केबलच्या तोंडातून हळूच शिरलेलं पाणी, उन्हाने पिठासारखी झालेली नायलॉनची दोरी, वाऱ्याने वाकवून वाकवून अंड्याजवळ दमलेली तार, या सगळ्यांचे निकाल एकदम लागतात.

पण खरी गंमत एका सेंटिमीटरची आहे.

तांबं तापलं की वाढतं आणि गार झालं की आखडतं. शाळेत हे शिकवतात, परीक्षेत दोन मार्कांना विचारतात आणि पुढे कोणी त्याचा विचार करत नाही. वीस मीटरची तार मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांवरून जानेवारीच्या दहा अंशांवर आली की साधारण अकरा मिलिमीटर आखडते. अकरा मिलिमीटर म्हणजे किती, तर करंगळीच्या नखाएवढे. मात्र ताणलेल्या तारेत नखाएवढी लांबी वाढली की तिचा मध्य सुमारे फूटभर खाली येतो. भूमितीचा हा चावटपणा दोन खिळे आणि एक सुतळी घेऊन कोणालाही घरी पाहता येईल.

आता या फूटभराचं काय होतं ते पाहा. जानेवारीत व्यवस्थित बांधलेली तार मे महिन्यात फूटभर लोंबते. संध्याकाळी गच्चीवर वाळवण उचलायला आलेलं कोणीतरी म्हणतं, “अहो, तुमची ती तार लोंबायली बघा.” मराठी माणूस लोंबणारी मिशी सहन करील, लोंबणारी तार नाही. गृहस्थ वर येतात, दोरी खेचतात, गाठ मारतात, आणि सतारीच्या तारेसारखी ताठ झालेली ती तार पाहून समाधानाने खाली जातात. त्या क्षणी जानेवारीतला बिघाड पक्का झालेला असतो. डिसेंबर उजाडतो, थंडी तारेकडे आपला सेंटिमीटर मागते, आणि टाकीचं स्टँड एकीकडे, कडुनिंब दुसरीकडे, दोघंही तो द्यायला तयार नसतात. मग तार तो आपल्या सगळ्यात कमजोर सांध्यातून देते. तो सांधा कुठे असतो? मागच्या जानेवारीत जिथे घाईघाईने जोडलेला असतो, तिथेच.

रेल्वेला हे ठाऊक आहे. मनमाडला गाडी थांबली की खिडकीतून वर पाहावं. विजेच्या तारांच्या टोकाला काही खांबांवर कप्पी असते आणि कप्पीखाली लोखंडी वजनांची चळत टांगलेली असते. तार उन्हात वाढली की वजन खाली उतरतं, थंडीत आखडली की वर चढतं, आणि ताण तोच राहतो. वीजमंडळाचा जुना लाइनमनही खांबावर तार चढवताना झोळ ठेवतो आणि ती लोंबते म्हणून लाजत नाही. फक्त घरगुती रेडिओवाल्याला तार ताठ हवी असते.

तुटलेली तार जोडण्याचं काम म्हटलं तर दहा मिनिटांचं. मे महिन्यात ते दहा मिनिटांत होतंसुद्धा, कारण अकराव्या मिनिटाला माणूस वितळतो. थंडीत मात्र त्याचा दिवस होतो. बोटं बधिर झालेली, त्यामुळे वायर सोलायला दात लावावे लागतात. गार तांबं पुढच्या दातांना लागलं की त्या कळा थेट कानटोपीपर्यंत जातात. गुंडाळायची काळी टेप थंडीने ताठरते, डिंक धरत नाही, आणि तारेला सोडून बोटालाच चिकटते. हातातून निसटलेला नट नेमका टाकीच्या स्टँडखाली अशा जागी जातो, जिथे वाकायचं तर स्वेटर काढावा लागेल.

मग येतो डाख. कथील आणि शिशाची सोल्डरची तार वितळायला १८३ अंशांच्या वर जावं लागतं. टेबलावर रेडिओच्या पोटात हे करणारी पंचवीस वॉटची डाखाची इस्त्री गच्चीवरच्या वाऱ्यात, जाड तांब्यापुढे, हात टेकते. तांबं उष्णता घेतं आणि वीस मीटरभर वाटून टाकतं. सोल्डर वितळतं, पण तांब्याला धरत नाही; वर नुसता राखाडी गोळा बसतो. कारागीर त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. तो दिसायला जोडलेला, वागायला तुटलेला. त्यातून इस्त्रीची वीज येते ती स्वयंपाकघरातून, जिन्यावरून आणलेल्या एक्स्टेंशन बोर्डावरून. संक्रांत तोंडावर आलेली, खाली भाजलेल्या तिळाचा कूट करायचा असतो. मिक्सरला प्लग हवा असतो. कोणी काही वाईट हेतूने करत नाही. एक प्लग निघतो, दुसरा लागतो, आणि वर गृहस्थ थंडगार इस्त्री सांध्यावर टेकवून पाच मिनिटं वाट पाहत राहतात.

शहाणपण असं सांगतं की तार पुरती खाली उतरवावी, घरात, टेबलावर, साठ वॉटच्या इस्त्रीने निवांत जोडावी आणि मग परत चढवावी. पण परत चढवायची म्हणजे कडुनिंब आला. कडुनिंबावर दोरी फेकण्याच्या पद्धती तीन: दगड बांधून, गलोलीने, किंवा शेजारच्या पोराला नान-खलियाचं आमिष दाखवून. पहिल्या पद्धतीत दगड फांदीवरून जातो आणि दोरी मागे राहते. दुसरीत दोरी जाते, पण पलीकडच्या घरावर. तिसरी हमखास यशस्वी होते आणि सगळ्यात महाग पडते.

एव्हाना गल्लीतले सल्लागार जमलेले असतात. जुन्या शहरात, बेगमपुऱ्याकडे असेल तर खालून एखादे मियाँ विचारतात, “क्या करराय भाई उप्पर?” आणि उत्तर ऐकून “हौ” म्हणून चहा पाठवून देतात. सिडकोत चौकशी जरा कायदेशीर असते. हा टॉवर तर नाही ना? याने डोकं दुखतं म्हणे. आमच्या टीव्हीवर परवा रेघा आल्या, त्या याच्याच का? गृहस्थ परवाना दाखवतात, वीस मीटर तांब्याचं निरुपद्रवीपण समजावून सांगतात. सगळे मान डोलावतात. आणि जाता जाता एक जण हळूच विचारतो, “म्हणजे पाकिस्तानचं पण ऐकू येतं का यावर?”

संक्रांत जवळ आली की या तारेला नवा शत्रू मिळतो. शहराच्या गच्च्यांवर पोरं चढतात, आकाश रंगीत होतं, आणि उडणाऱ्या पतंगांतला प्रत्येक तिसरा कटून कडुनिंबाकडे येतो, म्हणजे तारेकडे. मांजा तारेला पीळ घालतो. ओढावं तर तार येते, सोडावं तर पतंग वाऱ्याने तारेला आठवडाभर झोके देत राहतो. नायलॉनच्या मांज्यावर बंदी असली तरी तारेत अडकलेला मांजा बहुधा नायलॉनचाच निघतो, आणि तो सोडवताना गार बोटांना कापल्याचं रक्त दिसेपर्यंत कळत नाही.

पतंगांवर फार राग धरता येत नाही, कारण बिनतारीच्या इतिहासाशी पतंगाचं मोठंच उपकाराचं नातं आहे. मार्कोनीला इंग्लंडहून अटलांटिकपार संदेश न्यायचा होता. कॉर्नवॉलमधल्या पोल्ढूला उभारलेलं त्याचं डोलकाठ्यांचं कडं सप्टेंबर १९०१ च्या वादळात कोसळलं, आणि नोव्हेंबरात अमेरिकेतल्या केप कॉडचंही. मग तो डिसेंबरच्या कडाक्यात न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर गेला. आधी फुगा सोडला. फुगा दोर तोडून पळाला. १२ डिसेंबरला पतंग सोडला, त्याला पाचशे फूट तार बांधली. पहिला पतंग गेला, दुसरा टिकला. मार्कोनीने कानाला रिसीव्हर लावला, एस या अक्षराचे तीन ठिपके ऐकल्यासारखं वाटलं, आणि त्याने रिसीव्हर सहायक केम्पच्या हातात देऊन विचारलं, काही ऐकू येतंय का. म्हणजे मराठीत, आलं का? केम्प म्हणाला, आलं. खरोखर आलं होतं की नाही, यावर जाणकारांचा वाद अजून मिटलेला नाही.

महाराष्ट्राच्या वाट्याला मार्कोनीची विद्या आली ती १९२७ मध्ये. इंग्लंडशी बिनतारी तारायंत्र सुरू झालं तेव्हा खडकीहून संदेश जाऊ लागले आणि दौंडच्या माळावर घेतले जाऊ लागले. पलीकडची केंद्रं उत्तर समुद्राच्या काठी, ग्रिम्सबी आणि स्केगनेसजवळ. तिकडच्या कामगाराला तारेवरचं हिम आणि इकडच्याला मे महिन्याचा माळ. थंडी या विषयात आपण किती नवशिके आहोत हे पाहायचं तर यॉर्कशरमधल्या एम्ली मूरचं नाव घ्यावं. तिथला ३८५ मीटर उंच टीव्हीचा मनोरा १९ मार्च १९६९ रोजी, ताणतारांवर बर्फाचं ओझं आणि त्यात वाऱ्याने धरलेला झोका, अशा दुहेरी माराने जमीनदोस्त झाला. संभाजीनगरात तारेवर बर्फ साचत नाही. फार तर पहाटेचं दव साचतं आणि वर्षभराच्या धुळीत मिसळून अंड्यांवर चिखलाचा पातळ थर देतं. त्या थरातून गळती होते, मीटरचा काटा सकाळी भलतीकडे जातो, गृहस्थ घाबरून वर धावतात, आणि ते पोचेपर्यंत ऊन येऊन दव वाळलेलं असतं. खालून आरोळी येते, “आलं!” त्यांनी तोवर कशालाही हात लावलेला नसतो. तरी श्रेय ते घेतात.

ज्यांच्या गच्चीवर अशी तार आहे किंवा यायची आहे, त्यांच्यासाठी कामाचं तेवढं. दोरी किंवा तार फेकण्यापूर्वी वर आणि आजूबाजूला विजेची लाइन आहे का ते पाहावं. असेल तर त्या दिशेला तार नेऊच नये. झाडाकडच्या टोकाला गाठ मारण्याऐवजी कप्पी लावून दोरीला एक वीट टांगावी. झाड हललं तर वीट वरखाली होते, तार तुटत नाही. सांधा खाली, टेबलावर जोडावा. पतंगांचा मोसम संपेपर्यंत तार उतरवून ठेवली तरी चालेल. आणि वीट लावलेली नसेल तर जानेवारीत बांधलेली तार मे महिन्यात फूटभर लोंबताना दिसेल, वाळवणवालेही बोलतील. तिला हात लावू नये.